एकाच ऑफिसात विंडोज ७, १० आणि ११: अँटिव्हायरस कुठे जुळतो, कुठे अडतो

प्रश्न थोडक्यात असा. नौपाड्यातल्या एका सीए ऑफिसात आठ मशीन आहेत. दोन जुन्या मशीनवर विंडोज ७, चारवर विंडोज १० आणि नवीन घेतलेल्या दोन लॅपटॉपवर विंडोज ११. सगळ्यांसाठी मिळून अँटिव्हायरसचा दहा यूजरचा पॅक घेतला. ११वर तो नीट बसला. १०च्या तीन मशीनवरही बसला, पण चौथं मशीन तेव्हापासून रखडतंय आणि मधूनच निळी स्क्रीन येते. ७वर सेटअप सुरू होतो आणि एरर देऊन थांबतो. खोक्यावर मात्र ७, ८, १०, ११ सगळ्यांवर चालतो असं छापलंय. दुकानदार म्हणतो विंडोज खराब आहे, विंडोज टाकणारा मुलगा म्हणतो अँटिव्हायरस खराब आहे. हे लिहिणाऱ्या ताईंचा प्रश्न असा की आता पैसे नेमके कशावर घालायचे, आणि विंडोजबरोबरच येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसवर भागेल का.

ताई, आधी प्रत्येक मशीनवरचं विंडोज कोणत्या अवस्थेत आहे ते बघायचं आणि मग अँटिव्हायरस ठरवायचा. आपल्याकडे होतं उलटं. पॅक आधी येतो, कारण रिन्यूअलची तारीख आलेली असते, आणि मशीनकडे कुणी बघितलेलं नसतं. मी वागळे इस्टेटपासून महापे, तुर्भ्यापर्यंत छोट्या ऑफिसांची मशीन सांभाळतो. ‘अँटिव्हायरस चालत नाही’ अशा तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा विंडोजच्या रखडलेल्या अपडेटमध्ये सापडतं.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. टॅली, एक्सेल, ब्राउझर हे विंडोजवर चालतात. अँटिव्हायरस विंडोजच्या आत शिरून बसतो. कुठलीही फाइल उघडली की ती तुमच्यापर्यंत यायच्या आधी त्याला तपासायची असते, म्हणून त्याचा एक ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये लोड होतो. टॅलीत काही बिघडलं तर टॅली बंद पडेल. कर्नलमधल्या ड्रायव्हरमध्ये बिघडलं तर अख्खं मशीन पडतं. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर गेली. हा अंदाज मायक्रोसॉफ्टचाच. आपल्याकडे काही विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. व्हायरसचा त्यात काहीही संबंध नव्हता.

उलट बाजूनेही असंच घडतं. विंडोजने गाभ्यात बदल केला की अँटिव्हायरसला त्याच्याबरोबर बदलावं लागतं. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या दोषावर मायक्रोसॉफ्टने अपडेट काढलं. काही अँटिव्हायरस कर्नलच्या मेमरीत अशा वाटेने हात घालत होते, की त्या अपडेटनंतर मशीन सुरूच झालं नसतं. म्हणून मायक्रोसॉफ्टने अट घातली: अँटिव्हायरसने रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, ‘मी तयार आहे’ अशी खूण करायची, तरच अपडेट मिळेल. ज्यांचा अँटिव्हायरस जुना होता त्यांना ते अपडेट तर मिळालं नाहीच, त्यापुढची सुरक्षा अपडेटही अडली. एप्रिल २०१९मध्ये विंडोज ७ आणि ८.१च्या मासिक अपडेटनंतर चार-पाच नामांकित कंपन्यांच्या अँटिव्हायरसबरोबर मशीन गोठायला लागली होती. म्हणून पुण्याची क्विक हील घ्या, मुंबईची ईस्कॅन घ्या, चेन्नईची के७ घ्या किंवा परदेशी घ्या, खोक्यावरच्या ‘विंडोज १०’ या दोन शब्दांवर जुळणी ठरत नाही. ती ठरते विंडोजच्या बिल्डवर, म्हणजे नेमकी कोणती आवृत्ती ते सांगणाऱ्या आकड्यावर, आणि अँटिव्हायरसच्या आवृत्तीवर.

बिल्ड बघायला वेळ लागत नाही. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, ‘विनव्हर’ (winver) हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. विंडोज ७ असेल तर ७६०१ हा आकडा आणि सर्व्हिस पॅक १ (अपडेटचा मोठा एकत्र संच) दिसायला हवा. ७६०० असेल तर सर्व्हिस पॅकच नाही, तिथे पुढे काही करण्यात अर्थ नाही. विंडोज १०ची शेवटची आवृत्ती २२एच२, तिचा बिल्ड १९०४५. विंडोज ११वर २३एच२चा बिल्ड २२६३१, २४एच२चा २६१००, २५एच२चा २६२००. आठही मशीनचे आकडे एका कागदावर लिहा, सोबत ३२ बिट की ६४ बिट हेही लिहा. मग अँटिव्हायरस कंपनीच्या साइटवर सिस्टिम रिक्वायरमेंट्सचं पान उघडून मेळ घाला. तिथे अटी बारीक अक्षरात असतात, पण खोक्यापेक्षा खऱ्या असतात.

आता विंडोज ७. इथे मी सविस्तर लिहितो, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत अजून कितीतरी ऑफिसांत, गोडाऊनमध्ये, एपीएमसीच्या गाळ्यांत ते चालू आहे.

सेटअप अडण्याची पहिली शक्यता डिजिटल सहीची. प्रत्येक ड्रायव्हरवर कंपनीची सही असते आणि विंडोज ती तपासूनच ड्रायव्हर आत घेतं. पूर्वी ही सही एसएचए-१ पद्धतीची असायची, ती कमकुवत ठरल्यामुळे सगळे एसएचए-२कडे गेले. विंडोज ७ला ही नवी सही नीट ओळखण्यासाठी २०१९मध्ये दोन अपडेट आली: केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९. ज्या मशीनवर त्याआधीच अपडेट बंद करून ठेवलं होतं, तिथे ही दोन्ही नसतात, आणि नवा अँटिव्हायरस त्या मशीनला अनोळखी वाटतो. पुढे २०२३च्या सुमारास अनेक कंपन्या मायक्रोसॉफ्टच्या आणखी नव्या साइनिंग व्यवस्थेवर गेल्या, त्यासाठीही विंडोजचं ताजं अपडेट लागतं. ही अडचण फक्त ७ची नाही. वर्षानुवर्षं अपडेट न झालेल्या विंडोज १०वरही नेमका हाच एरर येतो आणि लोक दुकानदाराशी भांडत बसतात.

दुसरी शक्यता सर्टिफिकेटची आणि टीएलएसची, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवण्याची आणि त्याच्याशी सुरक्षित बोलण्याची. जुन्या विंडोज ७मध्ये नवी रूट सर्टिफिकेट नसतात, टीएलएस १.२ सगळीकडे आपोआप चालू नसतं, त्यामुळे सेटअप झालाच तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरशी बोलता येत नाही आणि व्हायरस डेफिनिशन, म्हणजे व्हायरस ओळखण्याच्या याद्या, उतरत नाहीत. तिसरी अगदी साधी आहे आणि म्हणूनच कुणी बघत नाही: मदरबोर्डवरची सेल उतरलेली असते. मशीन सुरू केलं की तारीख मागे जाते, मग सर्टिफिकेट अवैध ठरतं, लायसन्स चालत नाही. सीआर२०३२ ही सेल स्टेशनरीच्या दुकानातही मिळते. स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख आधी बघा.

हे सगळं दुरुस्त करता येतं. दोन्ही अपडेट मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून घ्या, सेल बदला, कंपनीकडून विंडोज ७साठी ठेवलेली जुनी आवृत्ती मागून घ्या, अँटिव्हायरस बसेल. तरीही मी तुम्हाला ते करू नका असंच सांगेन. विंडोज ७चा सपोर्ट १४ जानेवारी २०२०ला संपला, पैसे भरून मिळणारी मुदतवाढही जानेवारी २०२३मध्ये संपली. त्यानंतर सापडलेली भोकं तशीच उघडी आहेत. शिवाय जुन्या विंडोजसाठी अनेक कंपन्या अँटिव्हायरसची एक आवृत्ती गोठवून ठेवतात. तिला डेफिनिशन मिळत राहतात, पण इंजिन, वर्तनावरून ओळखणारा भाग, रॅन्समवेअरविरुद्धचं संरक्षण पुढे सरकत नाही. स्क्रीनवर हिरवी टिक दिसते आणि माणूस निश्चिंत होतो, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

अँटिव्हायरस आणि विंडोजचं अपडेट एकमेकांची जागा घेत नाहीत, हे आपल्या भागाने जवळून पाहिलंय. जून २०१७मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीची जगभरातली यंत्रणा बंद पाडली, तेव्हा न्हावा शेव्याच्या जेएनपीटीतलं त्यांच्या गटाचं टर्मिनलही ठप्प झालं आणि कंटेनरच्या गाड्या खोळंबल्या. तो हल्ला सुरू झाला युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. नेटवर्कमध्ये पसरण्यासाठी त्याने चोरलेले पासवर्ड वापरले, आणि विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं तेच भोक वापरलं ज्यावर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७मध्येच पॅच दिला होता. तुमच्या ऑफिसात आठही मशीन एकाच स्विचवर आहेत, टॅलीचं फोल्डर शेअर केलेलं आहे. त्या दोन विंडोज ७ मशीनमधून आत आलेला माणूस उरलेल्या सहांपर्यंत पोचू शकतो. तुमच्याकडे अशिलांचे पॅन, बँक स्टेटमेंट, डीएससी (डिजिटल सहीची सर्टिफिकेट) आहेत. ते लोक तुमच्यावर विश्वास ठेवून कागद देतात, म्हणून मी हे इतकं ठासून सांगतोय.

त्या दोन मशीनवर जुन्या वर्षांचा डेटा किंवा एखादं जुनं सॉफ्टवेअर असेल आणि त्यासाठीच ती ठेवली असतील, तर त्यांची लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, आणि त्यांवर पेन ड्राइव्ह लावण्याआधी तो दुसऱ्या मशीनवर तपासा. त्यांच्यासाठी पॅकमधलं लायसन्स वाया घालवू नका. रोजच्या कामाला वापरत असाल तर बदला. एक लक्षात असू द्या, विंडोज ७च्या जुन्या कीवर १० किंवा ११ ॲक्टिव्हेट करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्ये बंद केली. तेव्हा ‘जुन्या कीवरच करून देतो’ असं कुणी म्हणालं, तर ते नक्की काय टाकणार आहेत ते विचारा.

इथे क्रॅकबद्दल बोलायलाच हवं. ॲक्टिव्हेटर, म्हणजे विकत न घेता विंडोज चालू करणारा प्रोग्रॅम, वापरून चालवलेल्या विंडोजवर अँटिव्हायरस टाकला की तो सगळ्यात आधी त्या ॲक्टिव्हेटरला पकडतो. मग फोन येतो, आणि टाकणारा सांगतो, ‘अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद करा, ते फोल्डर वगळा.’ वगळलेल्या फोल्डरमध्ये ॲडमिनच्या हक्कांनी चालणारी, कुणी बनवली ते माहीत नसलेली फाइल कायमची राहते. अशा विंडोजमध्ये अपडेटही मुद्दाम बंद केलेलं असतं, म्हणून वर सांगितलेले सहीचे एररही तिथेच जास्त येतात. तुमच्या मशीनवर असं काही असेल तर कुठलाही अँटिव्हायरस तुम्हाला मदत करू शकत नाही.

विंडोज १०चं चौथं मशीन. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून माझा पहिला संशय असा, की तिथे आधीचा कुठला तरी अँटिव्हायरस पूर्ण निघालेला नाही. कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल केलं की नाव जातं, पण ड्रायव्हर बऱ्याचदा मागे राहतो. मग प्रत्येक फाइल दोघं तपासू पाहतात. एकाने तपासायला उघडलेली फाइल दुसऱ्याला नवी हालचाल वाटते, तो तिला अडवतो, पहिला वाट बघत बसतो. रखडणं इथून येतं आणि निळी स्क्रीनही. तपासायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि एफ-एल-टी-एम-सी (fltmc) ही पाच अक्षरं जोडून टाइप करा. गाभ्यात बसलेल्या फिल्टर ड्रायव्हरची यादी येते. प्रत्येकासमोर ‘अल्टिट्यूड’ नावाचा आकडा असतो. ३,२०,००० ते ३,२९,९९८ हा टप्पा मायक्रोसॉफ्टने अँटिव्हायरससाठी राखून ठेवलाय. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तिथे दिसू शकतो, तुमचा नवा अँटिव्हायरस दिसेल. तिसरं अनोळखी नाव दिसलं तर तोच आपला पाहुणा. निळ्या स्क्रीनवर ‘व्हॉट फेल्ड’ असं लिहून पुढे फाइलचं नाव आलं असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा, त्या नावावरून कंपनी लगेच कळते.

काढायची रीत अशी. बहुतेक कंपन्या स्वतःचं रिमूव्हल टूल फुकट देतात. ज्या कंपनीचा अवशेष उरलाय तिचंच टूल घ्या, कंपनीच्याच साइटवरून घ्या. नवा अँटिव्हायरसही तात्पुरता काढा. शक्य असेल तर सेफ मोडमध्ये टूल चालवा, मशीन रीस्टार्ट करा, विंडोजची सगळी अपडेट पूर्ण होऊ द्या, आणि मग नवा अँटिव्हायरस ताजा डाउनलोड करून टाका. खोक्यातली सीडी किंवा मागच्या वर्षी पेन ड्राइव्हवर ठेवलेला सेटअप वापरू नका, तो जुन्या बिल्डसाठी असतो. हे काम महिन्याच्या २० तारखेच्या आसपास काढू नका, जीएसटीआर-३बी या जीएसटी रिटर्नची गडबड असते आणि मध्येच मशीन अडलं तर सगळेच घायकुतीला येतात. सुरू करण्याआधी टॅलीच्या डेटाची कॉपी बाहेर काढून ठेवा.

एवढं करूनही मशीन रखडत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा बघा. ४ जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर कुठलाही अँटिव्हायरस जड जातो. अशा वेळी महागडा ‘लाइट’ अँटिव्हायरस शोधण्यापेक्षा एसएसडी बसवणं हा खरा उपाय. पण तो खर्च करण्याआधी पुढची तारीख लक्षात घ्या.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वैयक्तिक वापरासाठीची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे, तिला २२एच२ असणं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट असणं आवश्यक. डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या मध्यवर्ती सर्व्हरला, जोडलेल्या मशीनना ती लागू नाही. संस्थांसाठी वेगळी, दरवर्षी किंमत दुप्पट होत जाणारी मुदतवाढ आहे, जास्तीत जास्त ऑक्टोबर २०२८पर्यंत. डिफेंडरची डेफिनिशन विंडोज १०ला ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळत राहतील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, पण त्याचा अर्थ भोकं बुजवली जातील असा नाही. म्हणून विंडोज १०च्या मशीनसाठी तीन वर्षांचा अँटिव्हायरस पॅक स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. एक वर्षाचा घ्या.

चारपैकी कुठली मशीन ११ला पात्र आहेत ते मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेकने कळतं. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची तपासणी), आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. टीपीएम बऱ्याचदा मशीनमध्ये असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं, तेव्हा लगेच निराश होऊ नका. अट चुकवून ११ टाकून देणारे आहेत. तशा मशीनना अपडेट मिळण्याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही आणि अँटिव्हायरसवालेही तक्रार ऐकत नाहीत. ऑफिसच्या मशीनवर मी ते करत नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यामुळे ३२ बिटचं विंडोज १० असेल तर वरच्यावर अपग्रेड होत नाही, नव्याने टाकावं लागतं.

तुमचे ११चे दोन्ही लॅपटॉप ठीक आहेत, तरी एक बघून घ्या. नव्या लॅपटॉपबरोबर एखाद्या अँटिव्हायरसची महिन्याभराची ट्रायल येते. ती सुरू असताना डिफेंडर बाजूला होतो. तुम्ही पॅकमधला टाकण्याआधी ती काढली होती का? विंडोज सिक्युरिटी उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये कुणाचं नाव आहे ते बघा. विंडोज सिक्युरिटीतच ‘डिव्हाइस सिक्युरिटी’खाली कोअर आयसोलेशनमध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे गाभ्याचं संरक्षण आहे. जुन्या प्रिंटरच्या किंवा डीएससी टोकनच्या ड्रायव्हरमुळे ती बंद पडलेली असू शकते. नवा ड्रायव्हर टाका, मेमरी इंटिग्रिटी कायमची बंद ठेवू नका. पुढचा लॅपटॉप घेताना दोन गोष्टी दुकानातच विचारा. स्नॅपड्रॅगन प्रोसेसर असेल तर तुमच्या अँटिव्हायरसची आर्मसाठीची (या प्रकारच्या प्रोसेसरसाठीची) आवृत्ती आहे का, कारण साधे प्रोग्रॅम तिथे एम्युलेशनने, म्हणजे भाषांतर करून, चालतात पण कर्नलचे ड्रायव्हर चालत नाहीत. आणि फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले प्रोग्रॅम चालू देणारा ‘एस मोड’ असेल तर बाहेरचा अँटिव्हायरस बसतच नाही.

उद्या टॅलीसाठी विंडोज सर्व्हर घेतलात तर हा पॅक तिथे उपयोगी पडणार नाही. घरगुती पॅक सर्व्हरवर सहसा बसत नाहीत, सर्व्हरची आवृत्ती वेगळी घ्यावी लागते. शिवाय सर्व्हर २०१६पासून पुढे दुसरा अँटिव्हायरस टाकला तरी डिफेंडर आपोआप बाजूला होत नाही, त्याला हाताने थांबवावं लागतं.

सीए ऑफिसात नेहमी येणारी एक तक्रार आधीच सांगून ठेवतो. अँटिव्हायरस बसला की जीएसटी पोर्टलवर डीएससी लागत नाही. डीएससीने सही करायचा एमसाइनर हा प्रोग्रॅम तुमच्याच मशीनवर एक छोटी सेवा चालवतो आणि ब्राउझर तिच्याशी बोलतो. अँटिव्हायरसचं वेब स्कॅनिंग मध्ये पडलं की हे बोलणं तुटतं. उपाय म्हणून अख्खा अँटिव्हायरस बंद करू नका. त्याच्या सेटिंगमध्ये एमसाइनरचा प्रोग्रॅम आणि पोर्टलचा पत्ता एवढंच वगळा. टॅली हळू वाटली तर तिचं डेटा फोल्डर रिअल-टाइम तपासणीतून वगळतात, मात्र तेव्हा रोजची कॉपी दुसऱ्या ठिकाणी असलीच पाहिजे. अख्खा डी ड्राइव्ह वगळून ठेवलेला मी पाहिलाय, तसं कुणाला करू देऊ नका.

डिफेंडरवरच भागेल का, असाही तुमचा प्रश्न होता. विंडोज ७मधला डिफेंडर फक्त स्पायवेअरपुरता होता, त्याची जुनी बदनामी तिथली. विंडोज ८पासून तो पूर्ण अँटिव्हायरस आहे, आणि ताज्या विंडोज ११वर एका शहाण्या वापरणाऱ्यासाठी तो पुरेसा आहे असं माझं मत आहे. तुमच्या ऑफिसात आर्टिकलशिपची मुलं बदलत राहतात, अशिलांचे पेन ड्राइव्ह येतात, म्हणून सगळी मशीन एका ठिकाणाहून दिसतील असा पॅक ठेवणं मला योग्य वाटतं. त्यात प्रत्येक मशीनचं शेवटचं अपडेट कधी झालं ते कळलं पाहिजे. तसं दिसत नसेल तर पुढच्या वर्षी दुसरा बघा.

तेव्हा पैसे या क्रमाने घाला. आधी बाहेरची बॅकअप डिस्क. मग दोन विंडोज ७च्या जागी नवी मशीन. मग विंडोज १०मधली पात्र मशीन ११वर नेणं, त्यांनाच एसएसडी. जी पात्र नाहीत त्यांना पैशाची मुदतवाढ घ्यायची की बदलायची हे त्यांच्या वयावरून ठरवा. सध्याचा पॅक चालू ठेवा, त्यासाठी नवा खर्च नको. फक्त मशीन फॉरमॅट करण्याआधी त्यावरचं लायसन्स डीॲक्टिव्हेट करून घ्या, नाहीतर ती जागा अडून राहते आणि नव्या मशीनवर की टाकली की ‘यूजर संपले’ असं येतं. आठ मशीनचे बिल्ड आकडे आणि त्या निळ्या स्क्रीनवरचं फाइलचं नाव कळवा, चौथ्या मशीनचं नेमकं काय ते सांगतो.